उल्हासनगरची छावणी आणि ब्रिटनमधला आसरा

ठाणे स्टेशनवरून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत उल्हासनगरचे सिंधी व्यापारी रोज भेटतात. १९४७ नंतर त्यांची मागची पिढी कल्याणच्या लष्करी छावणीत बराकींमध्ये राहिली. ब्रिटनमध्ये आज जिवाच्या भीतीने देश सोडून येऊन आसरा मागणाऱ्यालाही सरकारच छप्पर देतं. दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून बघा.

छपराचं म्हणाल तर ब्रिटन सरस. निराधार ठरलात की १९९९ च्या कायद्याखाली घर किंवा हॉटेल मिळतं. स्वतः रांधायची सोय असेल तर माणशी आठवड्याला भत्ता. २०२४ मध्ये तो ४९.१८ पौंड होता. गाव मात्र सरकार ठरवतं. बराकीत मधे पडदे लावून संसार मांडले होते, त्यापेक्षा हे बरंच.

खरा फरक कामाचा. ब्रिटनमध्ये आसऱ्याच्या अर्जाचा निकाल बारा महिने लागला नाही, आणि त्यात तुमची चूक नसेल, तरच कामाची परवानगी मागता येते. तीही ठरावीक कामांपुरती. सिंधी निर्वासितांवर असं बंधन नव्हतं. ते नागरिक म्हणूनच आले होते, हे विसरून चालणार नाही, त्यामुळे तुलना थोडी लंगडी आहे. पण पापड, कापड, फर्निचर असे धंदे उभे राहिले ते हात मोकळे होते म्हणून. मला विचाराल तर मी बराक निवडेन.

आणखी एक. ब्रिटनमध्ये आसरा मंजूर झाला की काही आठवड्यांत ते घर सोडावं लागतं. इथे १९४९ मध्ये छावणीचंच उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाला ‘कॅम्प नंबर किती?’ असंच विचारतो.