प्लास्टिक खडीवर की डांबरात?

डांबरी रस्त्यात टाकाऊ प्लास्टिक वापरायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो ते घालायचं कुठे. कोरड्या पद्धतीत ते तापलेल्या खडीवर टाकतात, ओल्या पद्धतीत आधी डांबरातच घोटतात.

कोरडी पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. खडी १६० ते १७० अंश सेल्सिअसला तापवून तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा सोडायचा. अर्ध्या-एक मिनिटात चुरा दिसेनासा होतो आणि खडी तेल चोपडल्यासारखी चकाकते. मग डांबर पडलं की ते घट्ट धरतं. साध्या खडीवरचं डांबर पाणी मुरलं की सुटायला लागतं आणि खड्डा तिथूनच सुरू होतो. हा लेप पाण्याला खडीपर्यंत सहजी पोचू देत नाही. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के दिलं होतं. खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या नेहमीच्या हॉट मिक्स प्लांटवर हे काम होतं, फारशी जास्तीची यंत्रं लागत नाहीत.

ओल्या पद्धतीची जमेची बाजू म्हणजे डांबर रस्त्यावर जाण्याआधीच तपासता येतं. पण त्यासाठी वेगाने घोटणारं मिक्सर हवं. पॉलिथिन डांबरापेक्षा हलकं असल्याने टाकी ढवळायची थांबली की ते वर तरंगतं: वर दाट साय, खाली जवळपास साधं डांबर. सतत ढवळणारी टाकी आणि रोज नमुने तपासणारा माणूस नसेल, तर या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन.

दोन्हींत मिश्रण कडक होतं. उन्हाळ्यात जड वाहनांच्या चाकोऱ्या कमी पडतात, पण कडाक्याच्या थंडीत भेगांची भीती वाढते. तिथे आधी छोटा तुकडा करून एक हिवाळा बघावा.

खरी मेहनत मात्र वर्गीकरणात आहे. पीव्हीसीचा, म्हणजे पाइपांत वापरतात त्या प्लास्टिकचा, एक तुकडाही नको, तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो प्लांटवरच्या माणसांच्या श्वासात जातो. पीईटीच्या बाटल्या वितळायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यामुळे खडीवर त्यांचा लेप होत नाही, तुकडे तसेच राहतात. शिवाय त्या बाटल्यांपासून धागा होऊ शकतो, त्या रस्त्यात गाडणं मला पटत नाही. रस्त्यासाठी घ्या त्या पातळ पिशव्या आणि वेष्टनं, धुऊन, वाळवून. भंगारवाला ज्यांना हात लावत नाही, त्याच.