बोजोलेची हलकी रेड वाइन: काही महिने पिऊन झाल्यावर

बोजोले या फ्रान्समधल्या प्रदेशाच्या वाइनबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. हलक्या रेड वाइनमध्ये मला हिच्याइतकी दुसरी कुठलीच आवडलेली नाही. आणि गेल्या हिवाळ्यापासून घरी आणलेल्या बाटल्यांपैकी बऱ्याच बाटल्यांनी सपशेल निराशा केली. नाव तेच, गाव तेच, कधी कधी तर लेबलही तेच, तरी एक बाटली हातोहात संपते आणि दुसरी बेसिनमध्ये ओतावी लागते. म्हणूनच हिच्याविषयी लोकांची मतं इतकी टोकाची आहेत. यातली निम्मी भांडणं आवडीनिवडीची नसून बाटल्यांची आहेत, असं माझं आता ठाम मत झालंय.

आम्ही लियॉनला राहतो. बोजोलेचे मळे शहराच्या उत्तरेलाच सुरू होतात, त्यामुळे ही इथली रोजची वाइन. लियॉनला तीन नद्या आहेत, रोन, सोन आणि बोजोले, असं इथले लोक कौतुकाने म्हणतात. ‘बूशों’ म्हणजे इथल्या जुन्या खानावळी. तिथे ही वाइन जाड बुडाच्या 46 सेंटिलिटरच्या बाटलीत थंडगार येते, सोबत गरम सॉसेज आणि बटाटे. आमच्या शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि रोज जेवताना ग्लासभर बोजोले घेतात. त्यांच्या मते वाइनवर इतकं बोलायचंच नसतं. मला मात्र बोलावंसं वाटतं, कारण चांगली निघालेली बाटली खरंच फार चांगली असते.

द्राक्ष गामे. साल पातळ, टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) कमी, आंबटपणा भरपूर. बहुतेक ठिकाणी घड न चुरडता अख्खेच टाकीत भरतात. तळाचे मणी वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने टाकी भरते आणि वरच्या अख्ख्या मण्यांच्या आतल्या आत आंबण सुरू होतं. यामुळे रंग आणि फळाचा सुगंध वाइनमध्ये उतरतो, पण तुरटपणा फारसा येत नाही. फ्लरी ही बोजोलेतल्या एका गावाची वाइन; चांगल्या फ्लरीचा पहिला घोट घेतला की आधी रासबेरी, मग फुलांचा मंद वास आणि शेवटी तोंडाला पाणी सुटेल असा आंबटपणा. जीभ कोरडी पडत नाही. आपल्या तिखट-मसालेदार जेवणाबरोबर जड रेड वाइन कडू लागते आणि तिखट आणखी झोंबतं, ते हिच्या बाबतीत होत नाही. भरली वांगी आणि थंड केलेली फ्लरी ही जोडी आमच्या घरात आता कायमची झाली आहे.

आता मतभेदांकडे. ते आजचे नाहीत. 1395 मध्ये शेजारच्या बरगंडीचा ड्यूक फिलिप याने गामेच्या वेली उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं. पीक भरघोस येतं पण वाइन वाईट होते, हा त्याचा आक्षेप. बरगंडी पिनो न्वार या द्राक्षाकडे राहिली आणि गामेला दक्षिणेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर आपलं घर मिळालं. तिथे ती खरी खुलते. पण स्वस्त आणि भरपूर पिकणारं द्राक्ष ही ओळख काही सुटली नाही. नंतर त्यात ‘बोजोले नूव्हो’ची, म्हणजे त्याच हंगामाच्या ताज्या वाइनची, भर पडली. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा ती विक्रीला येण्याचा दिवस (1985 पासून तो असा ठरला आहे, आधी 15 नोव्हेंबर असायचा). तोडणी झाल्यावर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत वाइन ग्लासात. घाईने केलेल्या नूव्होला केळ्याचा आणि बबलगमचा वास येतो, आणि ज्याने फक्त तीच प्यायली त्याचं बोजोलेविषयीचं मत तिथेच गोठतं. 2001 च्या हंगामानंतर तर दहा लाखांहून जास्त खोकी वाइन विकली न गेल्याने डिस्टिलरीत पाठवावी लागली किंवा नष्ट करावी लागली. माल खूप काढला, दर्जा पडला आणि गिऱ्हाइकाने पाठ फिरवली.

पण नूव्होवरून बोजोलेची पारख करणं चूक आहे. प्रदेशाच्या उत्तर भागात दहा गावं-टेकड्या अशा आहेत, ज्यांचं स्वतःचं नाव लेबलवर येतं: मॉर्गों, फ्लरी, मुलँ-आ-व्हाँ, शिरूब्ल, जुलिएनास, शेना, सँतामूर, ब्रुई, कोत द ब्रुई आणि 1988 मध्ये सर्वांत शेवटी आलेलं रेन्ये. यांना क्रू म्हणतात. लेबलवर बऱ्याचदा बोजोले हा शब्दच ठळक नसतो, त्यामुळे आपण तीच वाइन घेतोय हे अनेकांना कळतही नाही. शिरूब्ल सगळ्यांत उंचावरचं आणि सगळ्यांत नाजूक. मॉर्गोंमधल्या कोत द्यु पी या टेकडीची वाइन काळसर चेरीची, भरीव, चार-पाच वर्षं आरामात टिकणारी. मुलँ-आ-व्हाँला तर हलकी म्हणणंच कठीण. माझ्यासाठी फ्लरी आणि शिरूब्ल पहिल्या, मॉर्गों हिवाळ्यात, ब्रुई रोजच्यासाठी. बाकीच्यांबद्दल माझं काही विशेष म्हणणं नाही.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो गंधक (वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फर डायऑक्साइड) न घातलेल्या बाटल्यांनी. बोजोले हे या पद्धतीचं माहेरघर. ज्यूल शोव्हे हे इथले वाइन व्यापारी आणि रसायनाचे जाणकार. ते 1989 मध्ये वारले. कमीत कमी सल्फर डायऑक्साइड वापरून निर्मळ वाइन कशी करायची, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. मॉर्गोंच्या मार्सेल लापिएर यांनी ते मळ्यात आणि सेलरमध्ये, म्हणजे वाइनच्या तळघरात, करून दाखवलं. या घराण्याची मॉर्गों माझ्या सर्वांत आवडत्या वाइनपैकी आहे, त्यामुळे पद्धतीवर माझा राग नाही. पण प्रत्येकाच्या सेलरमध्ये ती काळजी घेतली जात नाही, आणि दुकानात तर मुळीच नाही.

वसंतात माझा मावसभाऊ आला होता. तो नाशिकजवळच्या एका वायनरीत सेलरमध्ये काम करतो. इथल्या एका दुकानदाराने अगदी आग्रहाने दिलेली, गंधक न घातलेली क्रू मी त्याच्यासाठी उघडली. वास छान होता, नवऱ्याने तर पहिल्याच घोटाला दाद दिली. मावसभावाने घोट गिळला, आठ-दहा सेकंद गप्प राहिला आणि म्हणाला, “ताई, आंबेमोहोर शिजतोय का ग?” कुकर लावलेला नव्हता. मग त्याने थोडी वाइन तळहातावर चोळली आणि हात माझ्या नाकापाशी धरला. शिजत्या आंबेमोहोराचा, पॉपकॉर्नचा आणि त्यामागे उंदराच्या पिंजऱ्याचा वास. ग्लासात यातलं काहीच येत नव्हतं.

याला इंग्रजी बोलणारे ‘माऊसी’ म्हणतात, फ्रेंचही उंदराचंच नाव घेतात. गंधकाचा धाक नसला की काही लॅक्टिक जिवाणू आणि ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट वाइनमध्ये माजतं आणि त्यातून काही संयुगं तयार होतात. त्यातलं एक, टू-असिटिल-वन-पायरोलिन, म्हणजे बासमतीला आणि आंबेमोहोराला सुगंध देणारं तेच संयुग. भातात जे हवंहवंसं, ते वाइनमध्ये नकोसं. वाइनच्या आम्लतेत ही संयुगं हवेत उडत नाहीत, म्हणून ग्लास हुंगून काही कळत नाही. तोंडात लाळेने आम्लता उतरली की वास सुटतो, म्हणून तो गिळल्यावर घशाकडून येतो. तळहातावर चोळण्याचं कारणही तेच. मावसभावाने नंतर थोड्याशा वाइनमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाकून दाखवला, तेव्हा वास ग्लासातूनच यायला लागला.

सगळ्यांच्या तोंडातली आम्लता सारखी नसते आणि सगळ्यांची नाकंही सारखी नसतात. काही लोकांना हा वास येतच नाही. नवऱ्याला त्या संध्याकाळी शेवटपर्यंत आला नाही, त्याने ती वाइन आवडीने प्यायली. मावसभावाने दुसरा घोट घेतला नाही. मी मधे कुठेतरी होते, पण रात्री उरलेली अर्धी बाटली सकाळी उघडली तेव्हा मलाही सहन होईना, कारण हवा लागल्यावर हे दुखणं वाढतं. एकाच बाटलीवर तीन माणसांची तीन मतं झाली, आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं. मी बाटली घेऊन दुकानात गेले तेव्हा मात्र दुकानदार म्हणाला की हा त्या मातीचा गुण आहे. हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. 19 युरो देणाऱ्या माणसाला दोष हा गुण म्हणून विकणं हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे, आणि त्याच गावात जीव ओतून स्वच्छ वाइन करणाऱ्यांवर अन्यायही.

दुसरं दुखणं बुचाचं. बुचातून वाइनमध्ये उतरणारं टीसीए नावाचं संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं. जास्त असलं तर ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा वास येतो आणि लगेच कळतं. घोटाळा होतो तो ते अगदी थोडं असतं तेव्हा. तेव्हा कुबट वास येत नाही, फक्त फळ गायब होतं. वाइन मुकी लागते. जाड, ओकच्या पिंपात मुरवलेल्या रेडमध्ये हे झाकलं जातं. बोजोलेत फळ गेलं की आंबट पाणी उरतं, आणि पिणारा म्हणतो, “हे गामे असंच असतं, पातळ.” त्याला माहीत नसतं की त्याने खरी वाइन प्यायलीच नाही. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडल्याशिवाय हे कळणं अवघड आहे. आम्ही ब्रुईच्या बाबतीत ते केलं आणि फरक बघून थक्क झालो.

तिसरं, उष्णता. इथल्या उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या वर जातो आणि छोट्या दुकानांच्या खिडकीत बाटल्या उभ्या असतात. तशा बाटलीतली वाइन उकडलेल्या जॅमसारखी लागते. उघडण्याआधी बूच थोडं वर सरकलेलं किंवा कडेने चिकट दिसलं तर मी ती दुकानातच परत ठेवते.

याशिवाय साल बघायला हवं. 2021 थंड, ओलं आणि वसंतात हिमाने झोडपलेलं. त्या वर्षीच्या वाइन बारीक, खट्ट्या, अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास. 2022 तापलेलं आणि कोरडं, अल्कोहोल कित्येकदा 14 टक्क्यांच्या घरात, रंग गडद. ज्याने 2022 पिऊन “हलकी कुठे आहे?” विचारलं आणि ज्याने 2021 पिऊन “फारच हलकी” म्हटलं, ते दोघं आपापल्या जागी बरोबर. हवामान असंच तापत राहिलं तर आपल्याला आवडणारी हलकी बोजोले दुर्मीळ होईल याची मला खरोखर काळजी वाटते. उंचावरच्या शिरूब्लवर माझी भिस्त त्यामुळेच आहे.

काही दोष मात्र दोष नसतात. उघडताच काडेपेटीचा किंवा किंचित अंड्याचा वास आला तर घाबरू नका, जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, बहुतेक वेळा उडून जातो. जिभेवर बारीक चुरचुर जाणवली तर तो बहुधा मुद्दाम राखलेला कार्बन डायऑक्साइड असतो, जग हलवला की निघून जातो. आणि तापमान, तापमान, तापमान. बारा-चौदा अंश. घरातल्या पंचवीस अंशांना हीच वाइन दारूसारखी भपकते. दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. पुण्या-मुंबईकडच्या घरांत तर दोन-अडीच तास. मावसभाऊ जाताना दोन बाटल्या घेऊन गेला (भारतात दोन लिटरपर्यंत सीमाशुल्क न भरता नेता येते), आणि त्याला मी गंधक घातलेल्याच दिल्या. गंधकाविनाची बाटली मुंबईच्या विमानतळावरून नाशिकपर्यंत उन्हात जाणार असेल तर ती विकत घेण्यात अर्थ नाही.

सध्या मी असं करते. शक्य असेल तेव्हा थेट मळ्यावर जाते, चाखते आणि त्यांच्या थंड सेलरमधूनच घेते. 12 ते 18 युरोंत उत्तम क्रू मिळते, आणि हा दर्जा शेजारच्या बरगंडीत या पैशांत मिळत नाही. दुकानातून घ्यायची तर आधी एकच बाटली, आवडली तर त्याच खोक्यातल्या आणखी. बिघडलेली बाटली बूच लावून त्याच दिवशी परत नेते. ज्या दुकानाने वाद न घालता बदलून दिली तिथेच आता आमची खरेदी असते. एकाच बाटलीवरून ‘मला बोजोले आवडत नाही’ म्हणणाऱ्या पाहुण्याला मी वेगळ्या गावाची, वेगळ्या सालाची दुसरी देते. त्यानंतरही नाही आवडली तर ते त्याचं मत, आणि ते मी मान्य करते.

नवीन असाल तर चांगल्या मळ्याची फ्लरी घ्या, दोन-तीन वर्षं जुनी. नूव्हो घ्यायचीच असेल तर छोट्या उत्पादकाची घ्या, मोठ्या रंगीबेरंगी लेबलांची नको, आणि होळीच्या आत संपवा.