बसून राहिले म्हणून जुनी हार्डडिस्क तरी मिळाली

सांगलीत खणभागात माझं घरगुती डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बिलबुकं. २०१९ च्या पुरात जुना कॉम्प्युटर गेला, तेव्हा घेतलेला हा लॅपटॉप. यंदा लग्नसराईत तो इतका रडायला लागला की चालू करून चहा टाकावा, पिऊन कप विसळून यावं, तरी स्क्रीनवर ठिपके फिरतायतच.

एका रिपेअरिंगवाल्याकडे नेला. "ताई, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाका, ही जास्त वेगवान डिस्क. आहे ते सगळं क्लोन करून देतो, जसंच्या तसं." २४० जीबीचे १,८०० आणि मजुरी ५००. बिल नको असेल तर दोनशे कमी. मी लगेच हो म्हणाले. ही चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप झटक्यात उघडला, पण डेस्कटॉप बोडका. डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर नाही, मराठी फॉन्ट नाहीत, अर्ध्यावर आलेल्या दोन पत्रिका नाहीत. म्हणे, "५०० जीबीची डिस्क २४० वर बसत नाही, म्हणून विंडोज नवीन टाकलं. लायसन्सचे १,२०० वेगळे." मी मुकाट दिले. जुनी डिस्क मागितली तर म्हणाला, "भंगारातच जाणार ती, राहू द्या इथं." तिच्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते नि नंबर! मी उठलेच नाही. तासाभरानं ड्रॉवरमधून निघाली.

भाचा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतो, त्याला दाखवलं. विंडोजचं लायसन्स खरं आहे का बघायला आधी त्यानं सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडलं. तिथं लिहिलेलं की विंडोज 'तुमच्या संस्थेच्या' सेवेवरून चालू आहे. माझी कुठली आलीय संस्था? हे जुगाडाचं अ‍ॅक्टिव्हेशन, १८० दिवसांच्या मुदतीचं. आणि लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज मदरबोर्डशी जोडलेलं असतं. डिस्क बदलून तीच आवृत्ती परत टाकली की इंटरनेट मिळताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. म्हणजे १,२०० कशाचे?

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते दिसतं. माझ्या 'नव्या' एसएसडीचे ११,४०० तास झालेले. सव्वा वर्षाच्या वर, रात्रंदिवस! (हा आकडा पुसूनही विकतात म्हणे, त्यामुळं शून्य दिसलं तरी पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा.)

क्लोनचं तर त्याहून सोपं निघालं. डिस्क ५०० ची असली तरी भरलेली जेमतेम १३० जीबी. भाच्यानं जुनी डिस्क युएसबी केबलनं त्याच्या कॉम्प्युटरला लावली, डी ड्राइव्हच्या फायली बाजूला काढल्या आणि डिस्क क्लोन करणाऱ्या मॅक्रियम सॉफ्टवेअरच्या महिनाभराच्या ट्रायलवर बाकीचं एसएसडीवर उतरवलं. नुसता सी ड्राइव्ह घेऊन भागत नाही. शेजारचं बूटचं, म्हणजे मशीन सुरू करणारं, डिस्कचं छोटं पार्टिशनही लागतं, नाहीतर मशीन उठतच नाही. जेवण होईपर्यंत काम झालं. पत्रिका, फॉन्ट, नवऱ्या मुलाच्या मामांच्या नावातली माझी चूकसुद्धा, सगळं जागेवर.

दुकानात परत गेले. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो दाखवल्यावर १,२०० परत आले. एसएसडीबद्दल मात्र, "टेस्टिंगला लावली होती ताई, चालतीय की." अकरा हजार तास टेस्टिंग! बिल नाही, त्यामुळं पुढं बोलायला तोंड नाही. निदान तिचा बॉक्स तरी द्या म्हटलं, तो अजून शोधतोय.