माथेरान पुन्हा, की भंडारदरा नव्याने? घरच्या सगळ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या कितीतरी घरांत माथेरान हे ठरलेलं ठिकाण आहे. आजी-आजोबा लग्नानंतर तिथे गेलेले असतात, आई-बाबा शाळेच्या सहलीला, आणि आता नातवंडांची पाळी असते. ठरलेल्या ठिकाणी परत जाण्यात एक मोठी सोय असते, ती म्हणजे पहिला दिवस चाचपडण्यात जात नाही. पण परत जाताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. माथेरान फारसं बदललेलं नसलं तरी वीस वर्षांत आपल्या घरातल्या माणसांचे गुडघे बदललेले असतात. म्हणून इथे माथेरान आणि त्याला पर्याय म्हणून भंडारदरा, या दोघांकडे आम्ही त्याच नजरेने पाहिलं आहे: घरात सत्तरीचं एक माणूस आहे, आठ-नऊ वर्षांचं एक मूल आहे आणि हातात दोन रात्री आहेत.

आधी माथेरान. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तिथे पालिकेचा माणशी प्रवेशकर भरायचा आणि पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षात किंवा मिनी ट्रेनच्या शटलने जायचं. सगळी सहल या टप्प्यावर ठरते, आणि चुकते तीही इथेच. नाक्याजवळच अमन लॉज स्टेशन आहे. तिथून शटल साधारण वीस मिनिटांत माथेरानला पोचवते आणि वयस्कर माणसासाठी हाच सर्वांत चांगला मार्ग. डबे मोजकेच असल्याने शनिवारी सकाळी तिकिटं भराभर संपतात. त्यामुळे एकाने गाडीतून उतरताच थेट खिडकीवर जावं, सामानाकडे बाकीच्यांनी बघावं. ई-रिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. त्यांचा आधार मोठा आहे, पण त्या नाका ते गाव यासाठी आहेत. पॉइंट फिरायला मिळतील असं धरून चालू नका.

नेरळपासून मिनी ट्रेननेच वर जायचं असेल तर वेळेचं गणित नीट मांडा. १९०७ मध्ये सुरू झालेली ही लाइन सुमारे २१ किलोमीटरची आहे आणि गाडीला अडीच-पावणेतीन तास लागतात. शेअर टॅक्सी नेरळहून अर्ध्या तासात दस्तुरीला सोडते. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, त्यामुळे डबा अरुंद, समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लागतात आणि मोठी बॅग ठेवायला जागाच नसते. वळणावर मात्र आपलंच इंजिन खिडकीतून दिसतं, जुम्मापट्टीच्या पुढे खाली नेरळचं खोरं उलगडत जातं आणि मुलं खिडकीची जागा सोडायला तयार होत नाहीत. आमचं मत असं, की मुलांसाठी एकदा तरी पूर्ण प्रवास करावा. त्यासाठी येताना नाही, जाताना गाडी धरावी, कारण परतीच्या दिवशी सगळे दमलेले असतात आणि खाली लोकल गाठायची घाई असते. पावसाळ्यात, साधारण १५ जून ते १५ ऑक्टोबर, नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो. शटल तेवढी चालू राहते.

स्वतःची गाडी नेणार असाल तर नेरळच्या घाटाचा विचार करा. चढ उभा आहे, रस्ता अरुंद, आणि सुट्टीच्या दिवशी मध्येच रांग थांबते. क्लचवर गाडी तोलून धरली की जळका वास येतोच. चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा, उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहा. हे जमत नसेल तर गाडी नेरळलाच ठेवून टॅक्सी करा.

हॉटेल निवडताना फोटो बघू नका, स्टेशनपासूनचं अंतर विचारा, आणि तेही मिनिटांत नको, मीटरमध्ये. 'जवळच आहे' म्हणजे कधीकधी जंगलातून पाऊण तास. आजोबांबरोबर असाल तर स्टेशन आणि महात्मा गांधी रस्त्याच्या आसपासच राहा, जरा गजबज सोसावी लागली तरी. बऱ्याच हॉटेलांत दर माणशी आणि जेवणासकट असतो. मुलाचा दर कोणत्या वयापासून लागतो आणि खोली किती वाजता सोडायची, हे आधीच विचारून घ्यावं.

सामानाला चाकांची बॅग शक्यतो नको. तांबडी माती आणि दगड यांत चाकं अडकतात आणि शेवटी हमाल करावाच लागतो. पाठीवरच्या सॅका आणि जुने, पकड असलेले बूट पुरतात. पांढरे मोजे दोन तासांत विटकरी होतात आणि तो रंग पुढे सहजी जात नाही. खाण्याची पिशवी हातात लटकवून चालू नका. माकडं पाठीमागून येतात आणि पिशवी ओढतात, तेव्हा लहान मूल घाबरून पळतं आणि पडतं. खोलीची खिडकीही बंद ठेवा.

घोड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त वाद यावरून होतात. बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा: कोणते पॉइंट, एकूण किती वेळ, आणि परत कुठे सोडणार. दर घोड्यामागे की माणसामागे, हेही स्पष्ट करून घ्या. मूल बसल्यावर त्याचे पाय रिकिबीत टेकतात का ते पाहा. मोठ्या माणसाच्या मापाच्या रिकिबी मुलाच्या पायाला पोचत नाहीत आणि मग ते उतारावर नुसतं खोगिराला धरून लोंबकळतं. पट्टा आखूड करायला सांगितलं की घोडेवाला करून देतो. खोगीर हाताने हलवून बघा. सरकत असेल तर तंग आवळायला सांगा. दौड करायला आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा.

फिरण्याचा क्रम लोक चुकवतात. पॅनोरमा पॉइंट उत्तर टोकाला, बाजारापासून पाचेक किलोमीटर. तो पहाटेचा, आणि वयस्करांसाठी नाही. त्यांना लॉर्ड्स, शार्लोट तलाव, शेजारचं पिसारनाथाचं देऊळ आणि एको हा पट्टा सकाळी सावकाश दाखवावा. वाटेत बसायला जागा आहेत, सावली आहे. चालणाऱ्यांनी पुढे लुइझापर्यंत जावं, समोर प्रबळगड दिसतो. पॉर्क्युपाइन म्हणजे सनसेट पॉइंट. तिथून परतताना झाडीत मिट्ट काळोख होतो, म्हणून मोबाइलवर विसंबू नका, टॉर्च जवळ ठेवा. अलेक्झांडर, रामबाग या बाजूला गर्दी कमी. आधी दोनदा माथेरान केलं असेल तर या वेळी इकडेच या.

आता भंडारदरा. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवरच्या धरणाकाठी. विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा आर्थर तलाव हाच इथला मुख्य आनंद. ज्या घरात गुडघ्याचं दुखणं आहे त्यांच्यासाठी माथेरानपेक्षा भंडारदरा सोपं आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटेल. कारण साधं आहे: इथे गाडी दाराशी येते, आणि बघण्याच्या बहुतेक जागांच्या अगदी जवळ जाते. स्वतःची किंवा ठरवलेली गाडी मात्र हवीच. मुंबई-नाशिक महामार्गावरच्या घोटीपासून पस्तीसेक किलोमीटर, आणि पेट्रोल तिथेच भरून घ्या. एसटीने धरणाजवळच्या शेंडी गावापर्यंत पोचता येतं, पण पुढे आजीला घेऊन वाहन शोधत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तलावाला पूर्ण वळसा घाला, पण सुरुवात रतनवाडीने करा. सकाळी अमृतेश्वराचं देऊळ शांत असतं आणि कोवळ्या उन्हात भिंतीवरचं कोरीव काम नीट वाचता येतं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा वयस्करांनी बाहेरूनच दर्शन घ्यावं. पुढे साम्रद. सांदण दरी मुखाशी उभं राहून बघा, आत मोठमोठे दगड ओलांडावे लागतात. तिसऱ्या प्रहरी घाटघरला कोकणकड्यावर पोचा, म्हणजे मावळतीचं ऊन समोर मिळतं. मग पांजरे, मुरशेतवरून शेंडी. वाटेत जेवण हवं असेल तर गावातल्या घरी निदान दोन तास आधी सांगावं लागतं. अचानक गेलात तर चहाबिस्किटांवर भागवावं लागेल. इंद्रायणी तांदूळ इथे पिकतो, घरी न्यायला तो घ्या.

नव्या ठिकाणी चुका कुठे होतात? ऋतूत. रंधा धबधबा आणि धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल हे दोन्ही सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतात. मे महिन्यात मुलांना धबधब्याचं वचन देऊन नेलं तर कोरडा कातळ दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलैत घाटघरकडे पाऊस असा कोसळतो की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. काजवे मेच्या अखेरीस ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट लागायच्या आधी. ते बघायचे असतील तर शनिवार-रविवार टाळाच, कारण गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसत नाहीत आणि त्यांच्या मीलनातही अडथळा येतो. मधल्या वारी जा, दिवे बंद करून थांबा, झाडाला हात लावू नका. आणि कळसूबाई याच सहलीत कोंबू नका. १६४६ मीटरचं शिखर, बारी गावातून वर जायलाच तीन-चार तास, वाटेत लोखंडी शिड्या. त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळी मंडळी हवीत.

आमचा कौल असा. पाच ते बारा वर्षांची मुलं असतील आणि थोरली माणसं दोन किलोमीटर सहज चालत असतील, तर माथेरान पुन्हा, नि:शंक. मोटार नसलेल्या रस्त्यावर मुलाचा हात सोडून चालता येणं हे महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच मिळतं. थोरल्यांना चालणं झेपत नसेल, तर या वर्षी भंडारदरा, गाडी ठरवून, पावसाच्या शेवटी. आणि आजींना माथेरानच हवं असेल, दुसरं काही नको असेल, तर दोन्ही दिवस सकाळी दहाच्या आत एक पॉइंट, दुपारी विश्रांती, संध्याकाळी बाजारात चिक्की आणि चपला, एवढंच ठेवा. जाता-येता शटल. खोली तळमजल्यावरची मागा, आणि फोनवर विचारताना पायऱ्या किती आहेत ते मोजून सांगायला लावा.