बाबांचा पीएसए पुन्हा चढला: रेडिएशन की हार्मोनचं इंजेक्शन?

कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर पीएसए, म्हणजे त्या ग्रंथीचं रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो लागोपाठ दोनदा ०.२ किंवा त्याच्या वर आला, की आजार परतला असं धरतात.

आजार प्रोस्टेटच्या जागेपुरताच असेल, तर तो मुळापासून जाण्याची संधी रेडिएशनमध्ये आहे. तीही पीएसए ०.५ च्या खाली असताना जास्त. त्यामुळे ‘दिवाळीनंतर बघू’ नको. पण आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा-सात आठवडे डोंबिवली ते परळ लोकल. त्यात मशीनवर झोपताना मूत्राशय भरलेलं लागतं. ऑपरेशननंतर ज्यांना लघवी धरवत नाही, त्यांना हे सांगायचं! आम्ही पाण्याची बाटली हॉस्पिटलात पोचल्यावरच उघडायचो. पुढे काही काळ वारंवार लघवी, कधी शौचातून रक्त.

इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, घराजवळच. म्हणून नातेवाइकांचा कल तिकडे. पण ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पाडून आजार दाबून ठेवतं. नुसत्या त्याने तो बरा होत नाही. अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, साखर वर. बाबांची चिडचिडही त्यामुळेच असू शकते.

पेट स्कॅनमध्ये (आजार शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारी तपासणी) हाडांत बऱ्याच ठिकाणी आजार दिसला, तर हार्मोनपासूनच सुरुवात. स्कॅन स्वच्छ आणि बाबा अजून दादरचा पूल न थांबता चढत असतील, तर मी रेडिएशनच्या बाजूने. अनेकदा डॉक्टर दोन्ही जोडीने देतात; इंजेक्शन किती महिने, हे आधीच विचारून घ्या.