मिगचं घड्याळ: सात महिने वापरून

मागच्या मंगळवारी घड्याळ बंद पडलं, शनिवारी चालू झालं. मधल्या चार दिवसांत साडेतीनशे रुपये गेले आणि बरीचशी अब्रूही. म्हणून लिहायला बसलोय.

वस्तू म्हणजे एसीएचएस-1, विमानाच्या कॉकपिटमधलं सोव्हिएत घड्याळ. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला हवाई दलाचं मिग-21 हे लढाऊ विमान निवृत्त झालं आणि पुढच्याच आठवड्यात मी ऑर्डर टाकली. भावनेच्या भरात केलेली खरेदी, कबूल. पण मी नाशिकजवळच्या ओझरचा. मिग आमच्या गावात बनायचं. वरून विमान गेलं की बाई फळ्याजवळ खडू धरून थांबायच्या आणि आवाज विरला की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या.

घड्याळ साडेआठ हजार, लाटव्हियाहून टपाल 2,100, वर कस्टमने 4,300 घेतले. एकूण 14,900. घरात आकडा 'सातेक हजार' असा सांगितलाय, तो तसाच राहू द्या.

एका तबकडीत तीन घड्याळं आहेत: मधे नेहमीचं, वर उड्डाणाचा वेळ मोजणारं, खाली स्टॉपवॉच. डावी लाल गुंडी दाबली की वरचे काटे सुटतात आणि छोट्या खिडकीत लाल रंग येतो. पुन्हा दाबली की काटे थांबतात, खिडकी अर्धी लाल, अर्धी पांढरी. तिसऱ्यांदा दाबली की शून्यावर, सगळं पांढरं. मी हे लाइट गेल्यावर वापरतो. अंधारात चाचपडत जाऊन गुंडी दाबायची, लाइट आली की बघायचं. एकदा 3 तास 40 मिनिटं उड्डाण झालं. या एका चाळ्यापायी अर्धे पैसे वसूल.

आता तक्रार. याला चावी उलटी द्यायची असते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. पहिल्या दिवशी मी सवयीने सरळ पिळत बसलो आणि गुंडी काही दाद देईना. एकदा पूर्ण चावी दिली की तीन दिवस निघतात, पण दर दोन दिवसांनी द्यावी हे बरं. हे मला कुणी सांगितलं? कुणीही नाही. खोक्यात घड्याळ, फेस आणि एक रशियन वर्तमानपत्र. सोव्हिएत उपकरणांसोबत 'पासपोर्ट' म्हणून छोटी पुस्तिका यायची, ती माझ्या वाट्याला आली नाही. घेणार असाल तर पासपोर्टवालंच घ्या, हजारभर जास्त गेले तरी.

मागे दोन पिनांचं कनेक्टर आहे. त्याला करंट द्यायच्या फंदात पडू नका. घड्याळ चावीवरच चालतं, ते 27 व्होल्ट आतल्या हीटरसाठी असतात. वर कडाक्याच्या थंडीत आतलं तेल घट्ट होऊ नये म्हणून. निफाडच्या थंडीला त्याची गरज पडत नाही, जानेवारीत बघितलं.

दिवाळीला मामा आले. ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, आयुष्य गेलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी घड्याळ उलटसुलट केलं आणि म्हणाले, "अरे, हे मिगमध्ये असतं, बरोबर आहे. पण एमआय-8 हेलिकॉप्टरमध्येही हेच असतं. सामान वाहायच्या विमानातही." म्हणजे मी 'फायटर' या शब्दाचे पैसे मोजले आणि माझं घड्याळ कदाचित बटाट्याची पोती वाहणाऱ्या विमानातून निघालेलं. दोन दिवस मी त्याला चावी दिली नाही. तिसऱ्या दिवशी टकटक थांबली, खोली एकदम रिकामी वाटली, आणि राग सोडून दिला.

रेडियमचं मात्र गमतीवारी नेऊ नका. या जातीच्या जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा खऱ्या रेडियमचा रंग असायचा, आणि रेडियम किरणोत्सर्गी. चमक कधीच मरते, पण रेडियमचं अर्धायुष्य (निम्मं रेडियम संपायला लागणारा काळ) 1600 वर्षं, म्हणजे चमक नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. काच उघडायची नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. माझा कॉलेजातला मित्र प्रयोगशाळेतला किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर घेऊन आला. घड्याळाजवळ धरला, मग माझ्या चहाच्या कपाजवळ. दोन्हीकडे सारखाच. तेव्हा कुठे ते मुलांच्या खोलीतल्या फडताळावर गेलं.

आता मंगळवार. अंडी उकडताना मी खालचं स्टॉपवॉच लावतो, त्यासाठी उजवी गुंडी दाबायची असते. बोटाला तेल होतं, अंगठा घसरला, आणि सगळंच थांबलं. चावी भरलेली, हलवलं तरी ढिम्म. नाशिकला एका घड्याळजीकडे नेलं. त्यांनी कानाला लावलं, "तेल सुकलंय, पार्ट मिळायचा नाही," म्हणाले आणि तपासायचे साडेतीनशे घेतले. मी विक्रेत्याला पानभर मेल लिहिली. फसवणूक, परतावा, सगळे शब्द वापरले.

शनिवारी एका ओळीत उत्तर आलं: उजवी गुंडी डावीकडे फिरवा.

फिरवली. टकटक सुरू. ही गुंडी दाबली की स्टॉपवॉच, पण उजवीकडे वळली की अख्खं घड्याळ थांबतं. वेळ सेकंदाला जुळवून घेता यावी म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे ती. हे घड्याळजीला ठाऊक नसेल, समजू शकतो. विकणाऱ्याने मात्र ती एक ओळ चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायला काय हरकत होती? पाचपैकी साडेतीन. त्या चिठ्ठीपायी एक पूर्ण तारा कापला, अर्धा हेलिकॉप्टरपायी.

अंड्यांसाठी आता मोबाइल वापरतो.