रोजच्या वापराला सुती, खादी की लिनन? घेण्याआधी हे बघा

पॉलिस्टरचा कंटाळा आला आणि आता नॅचरल कापडच घालायचं असं ठरवून दुकानात गेलं की तीन गठ्ठे समोर येतात, साधं सुती, खादी आणि लिनन, आणि सेल्समन तिन्हींबद्दल एकच सांगतो, "एकदम थंडगार आहे, बिनधास्त घ्या". थंड तिन्ही आहेत, त्यात खोटं काही नाही, घाम टिपतात, हवा लागते. फरक कळतो तो घरी आणल्यावर. धुणार कोण, मशीनला लावणार की हाताने, रोज इस्त्री होणार का, ऑफिसला लोकलने जाता की गाडीने, माझ्या मते कापडाला हात लावायच्या आधी ही उत्तरं तयार पाहिजेत.

ज्याला वेळ नाही त्याने सरळ सुती घ्यावं. पॉपलिन, केंब्रिक, हँडलूममध्ये मंगलगिरी, ही सगळी मशीनमध्ये गार पाण्यात आरामात निघतात आणि ओलं झाल्यावर सुताचा धागा उलट जास्त मजबूत होतो त्यामुळे धुण्याची भीती नाही. मलमल मात्र वेगळी, दिसते सुंदर, पण आरपार दिसतं म्हणून अस्तर लागतं, आणि अस्तर लावलं की निम्मी हवा गेलीच ना! सुतीचा खरा त्रास म्हणजे आटणं. कापड घेऊन शिवणार असाल तर टेलरकडे द्यायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, मगच द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर. गडद रंग, खासकरून इंडिगो, पहिले काही वेळा वेगळेच धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्यांच्याच घरी सांगतात, पण आजकालच्या रंगांवर त्याचा काही उपयोग होत नाही.

खादी म्हणजे सूत चरख्यावर कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं, दोन्ही पाहिजे. नुसतं जाडंभरडं कापड म्हणजे खादी नाही. उजेडात धरलंत तर धागा कुठे जाड कुठे बारीक दिसतो, मधेच एखादी गाठ, हे असायचंच, तो डिफेक्ट नाही. नवीन असताना थोडी टोचते, चार-पाच धुण्यांनंतर जी मऊ होते ती मग सोडवत नाही. पण जाड खादी पावसाळ्यात वाळता वाळत नाही, जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात दोन दिवस दोरीवर राहिली की कुबट वास ठरलेला, म्हणून तिकडच्यांनी बारीक सुताची घ्यावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र खादीसारखं काही नाही. घेताना खादी मार्क, म्हणजे अस्सल खादीची सरकारी खूण, बघा, 2013 पासून आहे. आणि हो, खादी भांडारातच पॉलीवस्त्र नावाचं कापड पण मिळतं, त्यात पॉलिस्टर असतं, चुरगळत नाही म्हणून लोक खुशीने नेतात, तुम्हाला शुद्ध सुती हवं असेल तर विचारून घ्या. गांधी जयंतीच्या सुमाराला सूट असते तेव्हा गर्दीत हे विचारायचं राहून जातं.

लिनन जवसाच्या झाडाच्या देठापासून निघतं. आपल्याकडे जवस होतो, पण तो तेलाला आणि चटणीला, लिननचा धागा मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून येतो म्हणून भाव चढा. दिसायला तिघांत सगळ्यात भारी आणि वाळतंही पटकन. पण चुरगळतं! लोकलमध्ये उभं राहून उतरेपर्यंत शर्टाचा पापड झालेला असतो. ते चालत असेल तरच घ्या, कारण त्याला उपाय नाही. इस्त्री कापड थोडं ओलसर असतानाच करायची, पूर्ण वाळल्यावर कितीही घासा, सुरकुत्या जात नाहीत. आणि दर वेळी त्याच जागी कडक घडी नको, तिथेच धागा तुटून कापड विरतं. लेबलवर 40 ली, 60 ली असं असतं, आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, शर्टाला 60 छान.

तिन्हींच्या नावाखाली दुसरंच काही विकतात हेही आहेच. शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाचाच एक धागा (शिवणीचा दोरा नव्हे) ओढून जाळून बघा, वितळून टोकाला काळा कडक मणी झाला की पॉलिस्टर, कागदासारखा जळून भुरभुरीत राख झाली की ठीक. पण रेयॉन पण कागदासारखंच जळतं आणि "सॉफ्ट कॉटन" म्हणून खपतं, त्याला वेगळी युक्ती: धागा मधोमध ओला करून दोन्हीकडून ओढा, ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉन.

महाग आहे म्हणून लिनन आणि तत्त्व म्हणून खादी असं करून कपाट भरू नका, रोज ऑफिसला जाणाऱ्याने चार सुती घेऊन एखादीच खादी घ्यावी, लिनन जिथे बसून राहायचंय अशा कार्यक्रमांना.

एक मात्र तिन्हींना लागू, खळ देऊन कडक केलेले कपडे तसेच कपाटात महिनोन्महिने ठेवू नका, कसर खळीलाच येते. पावसाळ्याआधी साध्या पाण्यातून काढून खळ घालवा, उलटं करून सावलीत खडखडीत वाळवा आणि जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. सोबत वेखंडाचे तुकडे टाकले तर डांबरगोळ्यांची गरज पडत नाही, त्यांचा वास तर दोन धुण्यांतही जात नाही.